डबीतली भिंगरी

भिंगरीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. लहानपणी आईनं दुकानात पिटाळलं, की काय आणायचं ते ऐकायच्या आधीच ही कोपऱ्यावर पोचलेली असायची. मग पळत परत यायची, विचारायची, पुन्हा पळायची. आणि एवढं करूनही बाकीच्या पोरांच्या आधी घरात. तेव्हा चिकटलेलं नाव लग्नातही सुटलं नाही. नवऱ्यानं एकदा ऐकलं आणि म्हणाला, "बरोबर आहे. दुसरं काय ठेवणार?" आता सून यायची वेळ झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी जिना ती एक पायरी सोडून एक अशीच चढते. मधे थोडे दिवस चढत नव्हती. ते का, तेच सांगायचं आहे.

तिचं काम पहिल्यांदा ऐकणारा माणूस हसतो. एका प्रयोगशाळेत ती हृदयाचे तुकडे बनवते. कुणाच्या छातीतून काढलेले नव्हेत. पेशी वाढवून, खाऊपिऊ घालून, मुळापासून बनवलेले. एकेक पट्टी कापलेल्या नखाएवढी. छोट्या डबीच्या तळाशी रबराच्या दोन बारीक मऊ खुंट्या असतात, आणि त्या दोहोंच्या मधे ही पट्टी दोरीसारखी ताणलेली. बरं, ती नुसती पडून राहत नाही. धडधडते. कुणी सांगितलेलं नसताना, आपली आपण. धडधडली की खुंट्या आत झुकतात, सैल पडली की सरळ होतात. वरचा कॅमेरा खुंटी किती झुकली ते टिपतो. चांगली वाकली म्हणजे पट्टी ठणठणीत. जेमतेम हलली म्हणजे पट्टी कडक झाली, तिच्यात वण धरला.

हा वण म्हणजे आपण गुडघा फोडून घेतल्यावर कातडीवर राहतो तसाच. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की शरीर तिथं ठिगळ लावतं. थोडं ठिगळ हवंच, नाहीतर फाटायचं. पण काही माणसांत ठिगळ लावणारा हात थांबतच नाही. चांगल्या मांसातसुद्धा दोरे विणत सुटतो, आणि हृदय जुन्या वहाणेसारखं ताठ होतं. जित्या माणसाची छाती उघडून रोज आत डोकावता येत नाही, म्हणून ही डबी. डावीकडच्या रांगेतल्या पट्ट्यांना नुसतं खाणं द्यायचं, उजवीकडच्यांना वण धरायला लावणारं द्रव्य पाजायचं, मग त्यांच्यावर निरनिराळी औषधं घालून कोण सुटतंय ते बघायचं.

भिंगरीच्या बापाला हेच झालं होतं. दरवाजासकट चौकट खांद्यावर टाकून नेणारा सुतार, शेवटी अर्धी बादली उचलताना टेकायला जागा शोधायचा. म्हणून तिनं ही नोकरी धरली असं कुणाला वाटेल. तसं काही नाही. जागा निघाली, घरापासून चालत जाण्यासारखी होती, धरली. पण पहिल्यांदा उजव्या रांगेतली कडक झालेली पट्टी पाहिली तेव्हा ती म्हणाली, "असं होतं होय बाबांचं," आणि पुढच्या डबीला खाणं घालायला लागली.

प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणजे मॅडम. बारीक आवाजाच्या, चहा गार करूनच पिणाऱ्या. कॅमेऱ्यावर एक जाडजूड गडी बसतो, कॅमेरावाला. स्वतःचा डबा बारा वाजायच्या आधी संपवून मग दुसऱ्यांच्या डब्यांची चौकशी करणारा. हे दोघंही भिंगरीला ताई म्हणतात.

काही वर्षांपूर्वी निरोगी पेशी हव्या होत्या तेव्हा तिथल्याच माणसांनी रक्त दिलं. रक्तातल्या पेशींना मागं नेऊन कोऱ्या करता येतं आणि मग त्यांना हृदयाच्या वळणावर लावता येतं. त्या पेशी ठेवलेल्या नळ्यांवर नावं नाहीत, फक्त आकडे. कुठली नळी कुणाची हे विचारायचं नाही आणि सांगायचं नाही, असा नियम. त्यावर सगळ्यांनी सह्या ठोकल्या. पण सह्यांनी काय झाकतंय? रक्त देणाऱ्यांत बायका दोनच धरल्या होत्या, मॅडम आणि भिंगरी. त्या आठवड्यात मॅडमना ताप आला म्हणून त्यांचं घेतलंच नाही. आणि सगळ्यात जोमानं वाढलेली, पुढं सगळीकडे वापरात आलेली नळी तपासणीत निघाली बाईची. झालं. सगळ्यांना कळलं, आणि कुणालाच कळलं नाही.

त्या पट्ट्या धडधडायच्याही घाईघाईनं. कॅमेरावाला म्हणायचा, "ताई, ह्या नळीला जरा दम खायला सांगा की. खुंट्या मोडेल."

"मला काय सांगतोस? मला काय माहीत कुणाची आहे!"

"नाही, तुमची ओळख असली तर म्हटलं."

खुंट्या बनवणं हेही भिंगरीचंच काम. पातळ रबरात घट्ट करणारं द्रव्य मिसळायचं, साच्यात ओतायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचं. कामाची रीत मॅडमनी लिहून भिंतीला चिकटवलेली होती, तिच्यात 'रात्रभर' असं होतं. भिंगरी घरी निघताना साचे आत ठेवायची आणि सकाळी आल्याबरोबर काढायची. ओव्हन पुराणा होता. दाराला तारेचा आकडा लावून बंद करायचा. शेवटी एकदाचा नवा आला, चकचकीत, पुढं हिरवे दिवे. जुना भंगारात निघाला होता, तो तिनं मॅडमना विचारून घरी आणला, नवऱ्यासाठी.

नवरा पाट्या रंगवतो. दारावरच्या, दुकानावरच्या, 'येथे गाडी लावू नये'वाल्या. पत्र्यावर काढलेली अक्षरं भाजली की रंग पक्का बसतो. ओव्हन बघून गड्याला आनंद झाला. दोन पाट्या भाजल्या आणि आनंद उतरला. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्याची त्या ओव्हनशी भांडणं. भिंगरी म्हणायची, "तुम्ही ठासून भरता, म्हणून होतं. आमच्याकडं कधी कुरकुरला नाही." आणि विषय तिथं संपायचा.

इकडं प्रयोगशाळेत निराळंच सुरू झालं. नव्या पट्ट्या लावल्या, धडधडायला लागल्या, आणि हळूहळू डावीकडची रांग कडक पडायला लागली. डावीकडची! जिला नुसतं खाणं दिलं होतं ती.

"ताई," कॅमेरावाल्यानं विचारलं, "चुकून उजवीकडचं द्रव्य डावीकडं गेलं का?"

"माझ्या हातून?"

"नाही, आपलं विचारलं."

सगळ्या डब्या टाकून दिल्या, नव्यानं लावल्या. तिनं बाटल्यांना रंगीत दोरे बांधले, हात तिप्पट सावकाश चालवला. पट्ट्या पुन्हा कडक. रंग घालून आत पाहिलं तर दोऱ्यांचं जाळं. या खेपेला मात्र कुणी काही विचारलं नाही, आणि तिला खटकलं ते तिथं. चूक झाली की माणसं विचारतात. गप्प बसतात ती दुसऱ्याच कशाला तरी.

त्यातच मॅडम एकदम मायाळू झाल्या. भिंगरी गॅसचा सिलिंडर तिरपा करून सरकवत होती, तर धावत आल्या. "राहू द्या, राहू द्या. कॅमेऱ्यावरचा करेल."

"रोज मीच सरकवते, मॅडम."

"आजपासून नको. आणि ही खुर्ची घ्या तुम्ही, उभ्यानं काम नका करू." मग जरा थांबून, बाटलीवरचं लेबल वाचत, "झोप वगैरे नीट लागते ना?"

कॅमेरावाल्यानं तर कहर केला. डबा उघडल्यावर हात पुढं केला नाही. उलट स्वतःचं केळं तिच्यापुढं ठेवलं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाला साल दिलं नव्हतं त्यानं केळं दिलं. भिंगरीनं ते केळं पाहिलं आणि मनाशी म्हणाली, आपलं काही खरं नाही.

तिचा हिशोब सरळ होता. नळी आपली. काहीही न पाजता पट्ट्यांत वण धरतोय, म्हणजे तो रक्तातच आहे. बापाचा आहे. डबीत आज दिसला, छातीत उद्या येणार. ह्यांना कळलंय, पण सही केलीय म्हणून बोलता येत नाही. आणि आपणही सही केलीय, म्हणून विचारता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून जिना बंद. लिफ्टनं जायला लागली. घराच्या जिन्यावर मात्र लिफ्ट नव्हती. तिथं कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मधल्या मजल्यावरच्या शेजारणीनं विचारलं, "गुडघा का?" तर म्हणाली, "हो, गुडघा."

आणि घरात तिनं शाळा काढली. विद्यार्थी एकच.

"हे बघा, पांढरे कपडे वेगळे. रंगीत वेगळे."

"बरं."

"बरं काय, काय सांगितलं मी?"

"वेगळे." नवरा ब्रश पुसत म्हणाला. "अगं, पण तू निघालीस कुठं?"

"कुठं नाही. माणसाला यायला पाहिजे."

मग किल्ल्या कुठं असतात, गॅसचा नंबर कुठं लावायचा, भांडं करपलं तर काय करायचं. शिवणयंत्र बहिणीला देऊन टाकू या का, असं तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, तेव्हा नवऱ्यानं बाहेर जाऊन पोराला फोन केला. पोरगा नोकरीनिमित्त लांब असतो. "ऐक," म्हणाला, "तुझी आई मला धुणं शिकवतेय, आणि जिना चढताना श्वास मोजतेय. काहीतरी बिघडलंय. विचारलं तर म्हणते सही केलीय. कसली सही रे?" पोराला काय माहीत. तो म्हणाला, "बाबा, आधी धुणं शिकून घ्या."

असे काही आठवडे गेले. एका संध्याकाळी भिंगरी कांदा चिरत होती आणि नवरा आतल्या खोलीतून हातात पाटी धरून आला. पाटीवर एका दातांच्या डॉक्टरचं नाव, आणि नावाच्या बरोबर मध्यावर नवऱ्याच्या अंगठ्याचा ठसा.

"हे बघ. बघ हे! भाजलेली पाटी आहे. अंगठा रुतला. तुझ्या त्या संस्थेनं माझ्या गळ्यात काय ध्यान बांधलंय! ओव्हन आहे का जावई आहे? बसला की झोपला."

"ठासून भरता तुम्ही."

"एकच पाटी होती! एक! मी त्याला लावतो, हातपाय धुऊन जेवायला बसतो. ताट उचलायच्या आत टक् करतो आणि पडतो गार. खटका पुन्हा दाबला की पुन्हा गरम, पुन्हा टक्."

भिंगरीची सुरी थांबली. "रोज?"

"रोज."

"कधीपासून?"

"आणला त्या दिवसापासून. मग मी इतके दिवस कुणाला सांगतोय? भिंतीला?"

"थांबा," ती म्हणाली. "खटका दाबला नाही तर?"

"तर सकाळपर्यंत गार. दुसरं काय होणार?"

तिनं सुरी खाली ठेवली. साचे निघताना ठेवायचे, सकाळी काढायचे. मधे ओव्हनपाशी कोण थांबलं होतं? सकाळी साचे गार असायचे, पण तिला वाटायचं, रात्र सरली की ओव्हन आपोआप बंद होत असेल. इतकी वर्षं ज्याला सगळे 'रात्रभर' म्हणत होते, ते ताट उचलेपर्यंतचं होतं. त्यांच्या सगळ्या मऊ खुंट्या ह्या झोपाळूच्या जिवावर मऊ होत्या. आणि नवा ओव्हन शहाणा. त्याला रात्रभर सांगितलं तर रात्रभर भाजतो. रबर जास्त भाजलं की ताठ होतं, हे तर तिला पाठ होतं. आणि न वाकणाऱ्या खुंटीशी रात्रंदिवस ओढाताण करून पट्टीतच वण धरत असणार.

ती स्टुलावर बसली आणि मग तिनं सही मोडली. नळी, पट्ट्या, बाप, केळं, सगळं सांगितलं. नवरा पाटी हातात धरून ऐकत राहिला. दुसरा अंगठाही रुतला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "तू मरायला टेकली होतीस आणि मला भांडी घासायला शिकवत होतीस?"

"तुम्हाला येत नव्हती."

"मग डॉक्टरकडं का नाही गेलीस?"

"काय सांगू तिथं? माझं हृदय डबीत कडक झालंय म्हणून?"

"आणि ओव्हन बदललाय हे डोक्यात नाही आलं?"

"तुमच्या आलं का?"

"मला काय माहीत तुम्ही तिथं काय भाजता!" असं ओरडून तो खाली बसला, डोळे पुसले, आणि कांद्याला शिवी दिली.

सकाळी ती लवकर गेली. लिफ्टनंच गेली, अजून खात्री कुठं होती? ओव्हनचं खरं निघालं तरी नळीचं खोटं ठरलं असं थोडंच होतं. वर पोचली तर मॅडम दारातच, हातात गार चहा.

"मॅडम, मला तुमच्याशी..."

"मलाही. आधी माझं ऐका." त्या दार ओढून घेत म्हणाल्या. "तुमच्या सुटीच्या दिवशी मी दुसऱ्या एका नळीच्या पट्ट्या लावल्या होत्या. मुद्दाम. तुम्हाला सांगितलं नाही, सांगता येत नव्हतं. पुरुषाची नळी आहे. त्याही कडक झाल्यात, ताई. अगदी तशाच. म्हणजे नळीत दोष नाही."

भिंगरीनं विचारलं, "कुणाची नळी?"

"ते विचारायचं नाही."

आतून कॅमेरावाल्याचा आवाज आला. "माझी नाही ना? मॅडम! माझी आहे का? कालपासून छातीत कसंतरी होतंय!"

"तू काल तीन डबे खाल्लेस," मॅडम म्हणाल्या.

मग भिंगरीनं ओव्हनचं सांगितलं. मॅडम भिंतीवरच्या कागदापाशी गेल्या आणि 'रात्रभर' या शब्दाकडं बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. "मीच लिहिलंय हे," त्या म्हणाल्या. "ओव्हन किती वेळ चालतो ते मी कधी बघितलं नाही."

"तुम्ही लिहिलंत, मी ठेवलं, आणि तो बिचारा झोपत होता."

"आणि मी तुमच्याकडं बघायला घाबरत होते. वाटायचं, कोणत्या तोंडानं सांगू."

"मला वाटलं, माझं केळं बघून ताईंना कळलं असेल," कॅमेरावाला म्हणाला. हे मॅडमना काही समजलं नाही. तो असंच बोलतो.

पण बोलणं वेगळं आणि डबीत दिसणं वेगळं. नवऱ्यानं जुना ओव्हन मांडीवर धरून रिक्षातून परत आणला, वाटभर त्याच्या नावानं बोटं मोडत. अर्धे साचे जुन्यात भाजले, अर्धे नव्यात. दोन्ही तऱ्हेच्या खुंट्यांवर तीच नळी, तेच खाणं, तोच हात. आणि मग वाट बघणं. पट्टीला घाई करून चालत नाही. भिंगरीच्या आयुष्यात तेवढी एकच गोष्ट आहे जिला ती घाई करत नाही. पट्ट्यांनी जीव धरला, धडधडायला लागल्या. मोजायच्या दिवशी सगळे कॅमेऱ्यापाशी जमले, आणि ती पाठ करून सिंकवर बाटल्या धूत राहिली. धुतलेल्याच बाटल्या.

"नव्यातल्या, कडक," कॅमेरावाला म्हणाला.

पाणी चालू होतं.

"जुन्यातल्या..." तो थांबला. मुद्दाम थांबला असणार, त्याला तशी खोड आहे. "ताई, खुंटी मोडेल आता. ह्या नळीला दम खायला सांगा."

तिनं नळ बंद केला, हात पुसले, पडद्यापाशी आली. जुन्यातल्या खुंट्यांची रांग घाईघाईनं झुकत होती, सरळ होत होती, पुन्हा झुकत होती. ती बघत राहिली. मग म्हणाली, "फार वेळ बाहेर नका ठेवू. गारठतील." आणि डब्या उचलून उबेच्या कपाटात ठेवल्या. खुर्चीही उचलून मॅडमच्या टेबलाशी ठेवून आली.

मॅडमनी तिला त्याच आठवड्यात डॉक्टरकडं धाडलं. डबी काय म्हणते यावरून माणसाचं पुढचं सांगता येत नाही, तेव्हा माणसालाच दाखवून या, असं म्हणून. बाप गेला होता म्हणून तपासणं बरंच होतं. डॉक्टरनं सगळं बघितलं आणि गुडघ्यासाठी मलम दिलं.

कडक खुंट्याही मॅडमनी टाकल्या नाहीत. द्रव्य न पाजता, नुसत्या ताठ खुंट्यांना बांधून ठेवल्यानं चांगली पट्टी वण धरते, हे आता नीट तपासायला घेतलं. त्या डब्यांची वेगळी रांग झाली. नवऱ्याला हे सांगितलं तर म्हणाला, "ह्यात शोध कसला? कडक माणसापाशी बांधून ठेवलं की मऊ माणूस कडक होतो. मला मोजा की."

"तुम्हाला अजून पांढरे-रंगीत वेगळे करता येत नाहीत. आधी ते करा."

नवा ओव्हन किती वेळ लावला की खुंट्या जुन्यासारख्या होतात ते ठरलं, भिंतीवरचा कागद बदलला, आणि झोपाळू ओव्हन पुन्हा नवऱ्याच्या गळ्यात आला. तो न्यायला आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आलाच आहात तर बघून जा." त्याला पायमोजे, टोपी, सगळं चढवलं. रंगाचे डाग पडलेली बोटं पाठीमागं गुंफून तो कॅमेऱ्यापाशी वाकला.

बराच वेळ वाकलेला राहिला. भिंगरी शेजारच्या टेबलावर साचे पुसत होती.

"ही कुणाची?" त्यानं हळूच विचारलं.

"ते सांगायची परवानगी नाही," मॅडम म्हणाल्या.

"नका सांगू." तो पडद्यावरून डोळे न काढता म्हणाला. "घाई बघा तिची. दुकानातून परत आली असेल, काय आणायचं ते विचारायला."

"चला," भिंगरी म्हणाली, "पाट्या राहिल्यात तुमच्या."

ओव्हन त्यानं लिफ्टमध्ये घातला. ती जिन्यानं उतरली, आणि लिफ्टचं दार उघडलं तेव्हा खाली उभी होती.